बॉल गेला तिथून

३० मे, शुक्रवार

बेचाळीस डिग्री! आणि लॅपटॉप आज तिसऱ्यांदा हँग.

आमच्या फुटबॉल क्लबला नवे कोच आले. दिनकर सर. जन्म दिल्लीतला, करोल बागेतला, बोलणं मराठी, राग आला की हिंदी. जुन्या कोचला एप्रिलमध्येच नारळ दिला होता — गोलच एवढे खाल्ले आम्ही! सरांनी आमची एकही मॅच पाहिलेली नाही. म्हणाले, "सीझन संपला ना, आता दोन महिने फक्त डिफेन्स. पायापासून बांधू." मग माझ्याकडे वळले. "खाल्लेल्या प्रत्येक गोलची क्लिप मला पाहिजे. पण बॉल आपल्याकडून गेला तिथून काप. गोल नाही बघायचा मला. गोलच्या आधीचं बघायचंय. समझे?"

समझे. सगळ्या मॅचेस मीच शूट केल्यात, मचाणावर बसून. मला पाठ आहेत.

सोमवारी मॅनेजमेंटसमोर दाखवायचंय.

दुपारी अंबादासचा, म्हणजे अंब्याचा फोन. प्रिलिम झाली, डोकं बधिर झालंय, उद्या पोरं गाडी करून पानिपतला चाललीत, एक जागा आहे, येतोस का? ह्याच्याचबरोबर मी यूपीएससीला म्हणून दिल्लीत आलो होतो. तो टिकला. मी चार महिन्यांत पुस्तकं विकली आणि जॅकेट घेतलं. जॅकेट चांगलं निघालं.

जातो म्हटलं! म्हणजे काम आजच संपवायला हवं. एकेक फाइल उघडायला जीव जातो. मग युक्ती सुचली — कडेनं क्रॉस गोलसमोर आला तिथून कापायचं. पाच-सहा सेकंदांची क्लिप. लॅपटॉपही खूश. संध्याकाळी सगळ्या पाठवून मोकळा.

३१ मे

काला अंब, पानिपतचं स्मारक. लाल विटांचा खांब, ऊन असं की कठड्याला हात लावला तर चटका. साताऱ्याच्या एका काकूंनी हळदकुंकू वाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इथं आलं की गलबलतं, नाही रे?" मी मान हलवली. मला भूक लागली होती.

अंब्याचं लेक्चर चालू. "लोक फक्त कोण पडलं ते सांगतात. आधी फळी धरून उभे होते सगळे. काहींना चेव आला, जागा सोडून पुढं पळाले. तिथून वाट मिळाली. मग मागं जो उभा होता त्याच्यावर आलं सगळं."

"इतिहास ऑप्शनल घेतला म्हणून सुट्टीतपण का रे?" मी म्हटलं.

येताना मुरथलला पराठे. लोणी एवढं मोठं. मजा आली.

२ जून, सोमवार

मोठा घोळ केलाय मी.

मीटिंगमध्ये लॅपटॉप मीच चालवत होतो. क्लिप लागते — क्रॉस येतो, पांढऱ्या शर्टातला चार नंबर धावत येतो, झेपावतो, पडतो, गोल. पुढची क्लिप. चार नंबर पडतो. गोल. मॅनेजमेंटचे एक साहेब हसायलाच लागले. "हर बार यही बंदा ज़मीन पे!"

चार नंबर म्हणजे हरीशदा. आमचा स्टॉपर, बचावाचा मधला माणूस. वय तेहतीस. कोल्हापूरचा, माझ्याच गावचा, दीड वर्ष मी त्याच्याच हॉलमध्ये झोपतोय. क्लबात मला चिकटवला तोही त्यानंच — "पोरगं उनाड आहे, पण कामाचं आहे," असं सांगून.

तिसरी क्लिप लागली. तो गोल मला आठवत होता. त्याच्या आधी दहा-बारा सेकंद आमचा लेफ्ट-बॅक सनी पुढं पळाला होता, सगळं स्टेडियम सनी-सनी ओरडत होतं. बॉल गेला. सनी तिकडंच कमरेवर हात ठेवून. त्याची मोकळी जागा भरायला हरीशदा मधून डावीकडं धावला, पुन्हा मध्ये धावला, आणि शेवटी पडला. पडणारच की! पण मी ते कापलं होतं. क्लिपमध्ये सनी दिसतच नाही.

ठरलं — हरीशदाचा करार जूनअखेर संपतो, पुढं वाढवायचा नाही. स्टॉपरची एक जागा आहे, तिथं तरुण पोरगा.

सर मला म्हणाले, "क्लिप्स एकदम साफ. पहिल्यांदा कुणी वेळेवर काम दिलं. तू एवढा भटकतोस, मग बघ ना इकडं कंपनी-लीगमध्ये कोणी स्टॉपर."

तोंड उघडायचं होतं. मी लॅपटॉपची वायर गुंडाळत बसलो.

४ जून

सरांनी हरीशदाला बोलावून सांगितलं. क्लिप्सही दाखवल्या.

घरी आला, बूट काढले, नेहमीसारखे पेपरवर उलटे ठेवले. त्याच्या बायकोनं, मयुरावहिनींनी, विचारलं काय झालं. "काही नाही. पाय गेले माझे. मला कळलं नव्हतं, व्हिडिओत कळलं." मग माझ्याकडं बघून — "तू नीट कापलंयस रे. लपवायचं काय त्यात."

मी मोबाईलमध्ये डोकं घातलं. एका माणसानं बाल्कनीत मधमाश्या पाळल्यात, त्याचे व्हिडिओ बघत बसलो. तासभर! काय माणूस आहे मी.

५ जून

उद्या सांगतो सरांना.

६ जून

सर मैदानावर नव्हते. (फोन करता आला असता.)

८ जून, रविवार

मानेसर. कंपन्यांच्या टीमची मॅच, फॅक्टरीमागच्या मैदानात, गवत नावाला. खरं तर सकाळी सरांकडे जायचं ठरवून निघालो होतो. पण शेअर ऑटोत मानेसरची पोरं भेटली, म्हणाली आमची मॅच आहे, चलो. गेलो!

तिथं एक स्टॉपर बघितला. नाव चैतन्य, कामठीचा, बावीस वर्षांचा. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटावर आहे. रात्रपाळी करून थेट मैदानात. उंच, शांत, हेडिंग असं की बॉल आला त्याच वाटेनं परत जातो. मॅच संपल्यावर कुलचे खाता खाता मी सांगितलं, आमच्या क्लबला स्टॉपर पाहिजे. तो चावायचाच थांबला.

"गंमत करता काय भाऊ?"

"गंमत कशाला? तू आमच्या सरांना आवडणारच."

त्यानं माझ्या कुलच्याचे पैसे देऊन टाकले. नको म्हणता म्हणता.

एका माणसाच्या जागी दुसरा शोधून आलो, आणि संध्याकाळी ज्याची जागा जाणार त्याच्याच ताटाशेजारी बसून भात खाल्ला. वहिनींनी आमटी जास्त वाढली. "उन्हात फिरतोस, खा बिल्कुल पोटभर."

१२ जून

चैतन्यची ट्रायल. सर खूश. "जुलैत प्री-सीझनला येऊ दे. पेपर तेव्हा बनवू." चैतन्यनं वाकून सरांच्या पाया पडायचा प्रयत्न केला, सर मागं सरकले, दोघं धडकले. सगळे हसले. मीपण.

१५ जून

हरीशदा भर दुपारी सोसायटीच्या पार्कात धावतो. मधे पाण्याच्या बाटल्या उभ्या करून वळणं मारतो. वॉचमन म्हणाला, "भैया, लू लग जाएगी." ऐकत नाही.

वहिनी म्हणाल्या, "जयेश, हे सारखे तेच व्हिडिओ बघतात रे. काल मला विचारलं, मी नेहमीच असा पडायचो का? आता मला काय कळतं फुटबॉलमधलं! अच्छा, तूच सांग ना त्यांना काहीतरी. तुझं ऐकतील. तू तर सगळ्या मॅचेस बघितल्यास."

वहिनी लहानपणापासून दिल्लीच्या. कोल्हापूर त्यांना लग्नात आणि यात्रेला तेवढं माहीत. हरीशदा म्हणतोय, आता गावी जाऊ, मामाच्या दुकानात बसतो. वहिनींची इथली शाळेतली नोकरी, सगळं सोडून.

करार गेला ते एक. पण तो स्वतःवरच फिरलाय. पंधरा वर्षं खेळलेला माणूस, माझ्या सहा सेकंदांवर विश्वास ठेवतोय!

सांगायलाच पाहिजे. पण सांगितलं तर क्लबात म्हणतील, हरीशनं आणलेलं पोरगं — असंच निघालं. म्हणजे परत त्याचीच मान खाली. (खोटं. माझी नोकरी जाईल म्हणून घाबरलोय. इथं तरी खरं लिहावं.)

१८ जून

चैतन्यचा फोन. "भाऊ, सुपरवायझर सुट्टी नाही देत म्हणते. चार दिवस नाही आलो तर नाव कापतो म्हणते. पक्कं आहे न तुमच्याकडचं? पक्कं असन तं सोडून देतो मी. नसन तं सांगा, मी राह्यतो."

मी तेव्हा मेट्रोच्या जिन्यावर होतो. एक जण पिंजऱ्यात ससे घेऊन चढत होता आणि सिक्युरिटीवाले त्याला अडवत होते, भांडण जोरात. सशांचं काय होतंय ते बघत मी म्हटलं, "पक्कंच समज रे."

सशांना सोडलं नाही आत.

२१ जून, शनिवार

सांगितलं!

करोल बागेत सरांच्या घरी गेलो. आधी अर्धा तास खाली गाड्यांच्या सीट-कव्हरची दुकानं बघत फिरलो. एक दुकानदार म्हणाला, "कौन सी गाड़ी है?" गाडी नाही म्हटलं तर उठूनच उभा राहिला. मग वर गेलो.

पूर्ण मॅचेसची हार्ड डिस्क दिली. म्हटलं, सर, मी चुकीचं कापलं. बॉल गेला तिथून नाही, क्रॉस आला तिथून.

"क्यों?"

"पानिपतला जायचं होतं."

"कहाँ?"

परत सांगावं लागलं. त्यांच्या बायकोनं चहा आणला, तो तसाच राहिला. सर बघत होते. एकेक गोल, आधीपासून, पूर्ण. प्रत्येक वेळी तेच. सनी पुढं, डावीकडं मैदान रिकामं, आणि चार नंबर एकटा दोन माणसांचं धावतोय. एका गोलला तर हरीशदा धावता धावता हात करून सनीला मागं बोलावताना दिसतो. ते मी कापलं होतं.

सरांनी डिस्क काढून ठेवली. मग म्हणाले, "मला वाटलं भिंत कच्ची आहे. यहाँ तो दरवाज़ा ही नहीं लगा." आणि मला — "निघ आता. तोंड नको दाखवू दोन दिवस."

जिना उतरताना पाय हलके. छोले-भटुरे खाल्ले. दोन प्लेट!

२४ जून

हरीशदाचा करार वाढला. दोन वर्षं! आणि कॅप्टन. सरांनी फोनवर सांगितलं तेव्हा तो पार्कात होता, घामानं निथळत वर आला आणि वहिनींना सांगायच्या ऐवजी फ्रिजपाशी उभा राहून पाणीच पीत राहिला. बाटली संपली तरी तोंडाला तशीच.

वहिनींनी पुरण घातलं. एवढ्या उकाड्यात! "बारा महिने आता कोल्हापूरचं नाव काढायचं नाही, चलो," म्हणाल्या.

जेवताना हरीशदानं माझ्या पाठीत गुद्दा घातला. "सर म्हणाले, जयेशनंच सगळ्या मॅचेस परत बघितल्या, जयेशनंच शोधून काढलं. लगा, तू नसतास तर मी आज दुकानात साबण विकत बसलो असतो!"

सरांनी एवढंच सांगितलं होय त्याला. मी पुरणपोळी गिळली. बोल, जयेश, आता बोल — पण वहिनी हसत होत्या, कितीतरी दिवसांनी. तूप वाढत होत्या. मी अजून एक पोळी घेतली.

एकाला सांगितलं, दुसऱ्याला नाही. म्हणजे अर्धंच सांगितलं. परत अर्धीच क्लिप.

२५ जून

मैदानावर गेलो. सरांनी फळ्यावर नवी बचावफळी लिहिली होती. मध्ये हरीश, पक्का. डावीकडं प्रश्नचिन्ह. सनीला पुढं खेळवणार, विंगवर, तिथं पळू दे म्हणे पाहिजे तेवढं.

"तर आता लेफ्ट-बॅक बघ," सर म्हणाले. "डावा पाय पाहिजे. आणि पूर्ण मॅच बघ बाबा, कुठं पानिपत-बिनिपत गेलास तर याद रख."

सगळे हसले. मीही हसलो. खरं म्हणजे बरं वाटत होतं. सुटलो असं वाटत होतं.

मग फळा पुसता पुसता सर सहज म्हणाले, "स्टॉपर भरला. त्या मानेसरच्या पोराला फोन करून सांग, इस साल नहीं. चांगला आहे, पण जागा एकच होती."

बाहेर आलो. फोन हातात घेतला. चैतन्यचा नंबर काढला. तेवढ्यात अंब्याचा मेसेज, प्रिलिम निघाली त्याची! त्याला फोन केला, मग तिकडंच पार्टीला गेलो.

२६ जून

सकाळी उठायच्या आधीच चैतन्यचा फोन.

"भाऊ, काल हिशोब घेतला, रूम पण सोडली. बॅग घेऊन ऑटोत बसलो. कुठं उतरू?"

आतून हरीशदा ओरडला, "कोण रे? नवीन पोरगं का? घरी आण, चहा टाकतो."