कारण : फिरायला

३ जानेवारी १९८९, सिल्वासा

रजेचा अर्ज दिला. कारण म्हणून लिहिलं, 'मोटरसायकलवरून कन्याकुमारी. फिरायला.' हेडक्लार्क परबसाहेबांनी चष्मा पुसून परत वाचलं. "शैलाताई, नवस लिहा. साहेब लगेच सही करतील. फिरायला हे काय कारण झालं?" म्हटलं, झालं की. तेच आहे.

बांधकाम खात्यात बसून इतकी वर्षं सडकांची टेंडरं टाइप करतेय. अमुक गाव ते तमुक गाव. एकदा सडकेच्या टोकाशी जाऊन उभं राहायचंय, जिथे पुढे रस्ताच नाही. यात नवस कुठून आला?

अर्ज बदलला नाही.

८ जाने.

म्हशीचं काम काढलं. म्हैस म्हणजे माझी गाडी. काळी, जाड, सकाळी उठवली की कुरकुरते. खडोलीच्या फॅक्टरीतला एक सुपरवायझर गावी परत जाताना मला विकून गेला. मेकॅनिक भिला धुळ्याचा. प्लग, चेन, क्लच, सगळं बघितलं. "आमच्याकडचे ट्रकवाले बी इतक्या लांब जायचा कंटाळा करून राहिले. तुम्ही काय करून राहिले ताई?" म्हटलं, मी जाऊन राहिले.

पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल बरोबर ठेवा म्हणाला, वाटेत चांगलं मिळेलच असं नाही. भरायला बाटल्या हव्यात. इथे बाटल्यांना काय तोटा! कोपऱ्यावरच्या बारमधून रमच्या रिकाम्या आणल्या, धुऊन उन्हात घातल्या, भरल्या. ऑइल झकास दिसतंय.

१४ जाने.

संक्रांत. इथल्या डोकमर्डीच्या क्वार्टर्समधल्या बायका तिळगूळ द्यायला आल्या. खरं म्हणजे म्हैस बघायला. आई प्रत्येकीला सांगत होती, "देवीचा नवस आहे हो तिचा. बोललेला फेडायला नको?" लगेच सगळ्यांच्या माना डोलल्या. एकीने तर देवीच्या ओटीसाठी खणही दिला.

त्या गेल्यावर भांडले. आई म्हणते, "शैले, छत्तिशीची बाई एकटी गाडीवरून हिंडणार, लोकांना काहीतरी सांगायला नको?" नको! लग्न केलं नाही तेव्हाही लोकांना काहीतरी सांगायला हवं होतं, म्हणून माझ्या पत्रिकेत मंगळ घुसवला. मला मंगळबिंगळ काही नाही. तेव्हा लग्न नको होतं, आता जायचंय. इतकं साधं.

आई रुसलीय. मीही.

२० जाने.

रजा मंजूर. परब म्हणाले, साहेब कारण वाचून हसले. हसू देत. सही केली ना.

२६ जाने.

ऑफिसात झेंडावंदन, जिलेबी. उद्या निघायचं. भीती वाटतेच, कशी नाही वाटणार. आईने खण आणि नारळ सामानात कोंबला, मी काढला. तिने परत कोंबला. थकून राहू दिला.

२७ जाने., संध्याकाळ

घरी. हो, घरीच.

गाढवपणा माझाच. आपल्याकडे दारू खुली, नाक्यापलीकडे हायवेपर्यंत गुजरात, तिथे बंदी. इथली नंबरप्लेट दिसली की पिशव्या उघडतातच, हे शेंबड्या पोराला माहीत. आणि मी ऑइल रमच्या बाटल्यांतून नेतेय! हवालदाराने एक उचलून उजेडात धरली. "बेन, आ शुं छे?" ऑइल. "बधा एवुं ज कहे छे." सगळे असंच म्हणतात म्हणे. बोट बुडवून चाटलं, मग बराच वेळ थुंकत होता. मला हसू आलं. हसायला नको होतं.

नाक्यावरच्या साहेबाला बोलावलं. साहेब म्हणाला, ऑइल तर ऑइल, पण एकटी बाई इतक्या लांब कशाला? हवालदाराने मला वाट काढून दिली, खण-नारळ त्याने बघितला होता. "मानता छे ने, बेन?" म्हणजे नवस. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सुटले असते. दोघेही वाट बघत होते.

म्हटलं, नाही. फिरायला चाललेय.

"तो घरना माणस ने लई आवो," साहेब म्हणाला. मग घरच्या माणसाला घेऊन या. बाटल्या ठेवून घेतल्या. मी परत.

२८ जाने.

क्वार्टर्सना कळलंय. एक जण म्हणाली, देवीच्याच मनात नसेल. दार लावून घेतलं, जोरात.

भिलाने ऑइलचा पत्र्याचा डबा दिला. म्हणतो, खानवेलकडून जंगलाच्या रस्त्याने थेट महाराष्ट्रात निघा, नाकाच लागत नाही. खरंय. पण चोरासारखी का जाऊ? जाईन तर नाक्यावरूनच.

३० जाने.

शेजारीण आली. आईला विचारलं, नवसाचं काय झालं आता? मी आत पीठ मळत होते. आईचा आवाज, "नवसबिवस काही नव्हतं. मी खोटं बोलले. तिला जायचंय, म्हणून ती जाते."

पीठ तसंच ठेवून उभी राहिले. बाहेर जायचं धाडस होईना, रडू आलं असतं.

जेवताना आईने माझ्या पिशवीतून खण आणि नारळ काढला. "कोकणात गेलीस तर आपल्याकडचं पोह्याचं मिरगुंड आण," एवढंच म्हणाली. कन्याकुमारीच्या वाटेत कोकण लागतं का, हे तिला विचारलं नाही. म्हटलं, आणते.

३१ जाने., नाका

बाकावर बसून लिहितेय. तोच हवालदार. सामान उघडलं, डबा हुंगला, काही सापडलं नाही. तरी चावी काढून टेबलावर ठेवली. साहेब आल्यावर बघू. खणही नाही आज. "मानता?" नाही. "घरना माणस?" आई घरीच आहे, तिनेच पाठवलंय.

चहा मागवला त्याने, मलाही दिला. मग हळूच, "साचुं कहो ने बेन, केम जाओ छो?" का जाते, हे सांगायच्या ऐवजी मी उलट विचारलं, तुम्हाला सुट्टी मिळाली तर कुठे जाल? कश्मीर, म्हणाला. बर्फ बघायचाय. विचारलं, मानता? लाजला चक्क. "ना, ना. अमस्तुं."

आमच्याकडेही अमस्तंच म्हणतात, म्हटलं.

आता चावी टेबलाच्या माझ्या बाजूला सरकवलीय आणि स्वतः पाठ करून ट्रकची कागदपत्रं बघत उभा आहे. हात लांब केला तर मिळेल.

उचलली नाही. साहेबाची जीप वळणावर दिसतेय. तो विचारेल, कशाला. त्याच्या तोंडावर सांगणार, अमस्तं. आणि मग उचलणार.