यादीवरचा पहारा

सांगली,
डिसेंबर १९९९

ती. सौ. अक्कांस,

पाणी भरून झालं होतं, मेथी निवडून झाली होती आणि मी रवा भाजत होते. हे संयोगिताच्या संगणकापुढे बसून तिच्या दुकानात खरेदी करत होते. (दुकान खरं नव्हे. इंटरनेटवर किराणा विकायचा कार्यक्रम आपली लेक तयार करते आहे आणि तिला फुकटचं गिऱ्हाईक हवं होतं.) मधेच मला म्हणाले, “अगं, आणखी काय घेऊ?” मी म्हटलं, “खोट्या दुकानातलं मला कशाला विचारता?” मग दूधवाल्याची हाक आली म्हणून उठले, ते दारापर्यंतच पोचले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

आधी नमस्कार. पत्रावर ‘श्री’ घातलेली नाही, आणि सुरुवात सुचेना म्हणून त्या सकाळपासूनच केली. तुमचा गुडघा आता बरा असेल. संयोगिता कामाला जाते, जेवते.

भाऊजींनी तुम्हाला कळवलंय की यांच्या पेन्शनच्या कागदांसाठी थांबलोय. ते खोटं आहे. कागद केव्हाच झाले. भाऊजी पहाऱ्यावर आहेत.

झालं असं. यांनी निवडलेल्या सामानाची यादी तशीच पडद्यावर राहिली. संयोगिता म्हणाली, ही यादी कुठे साठवलेली नाही, यंत्राने नुसती ध्यानात धरली आहे. याला ते लोक सेशन म्हणतात. मधूनमधून बटण दाबत राहिलं तर धरून ठेवतं. वीस मिनिटं कुणी हात लावला नाही, तर गिऱ्हाईक गेलं असं समजून पुसून टाकतं. मुदत वाढवता येते, पण त्यासाठी सगळं बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं, आणि बंद केलं की यादी जाते. तिने ती कागदावर उतरवली. पण तो कागद तिच्या अक्षरात आहे. मी म्हटलं, यंत्राने तरी एवढ्यात गिऱ्हाईक गेलं असं समजायला नको.

हे भाऊजींनी ऐकलं आणि तेराव्यानंतर तुम्ही सगळे कुंडलला परत गेलात, तरी ते हलले नाहीत. दिवसा मी आणि संयोगिता, रात्री भाऊजी, म्हणजे आपले सुभेदार लालासाहेब, अशी ड्यूटी लागली. (दाढी करून, मफलर गुंडाळून, ताठ बसतात.) वीज जाते म्हणून भाड्याने इन्व्हर्टर आणला. शेजारच्या साळूबाई भेटायला आल्या, त्यांनी पिशवी त्या बटणांवर ठेवली, तर भाऊजी उभेच राहिले. “हात लावायचा न्हाई तितं.” साळूबाई म्हणाल्या, “आवं, देव मांडलाय का काय?” त्यावर भाऊजी म्हणाले, “धाकट्याची यादी हाय.” साळूबाई पदर डोळ्यांना लावून चहा न घेताच गेल्या. आता गल्लीत बोलतात की सुभेदारांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी कुणाला काही सांगत नाही. मलाही त्या वेळी हसू आलं होतं, बऱ्याच दिवसांनी.

तुम्ही काळजी करू नका. ते वेळेवर जेवतात आणि माझ्या आमटीला नावं ठेवतात.

आपली,
शकुंतला

ता. क. – पत्राचं खरं कारण आता लिहिते. ऊसतोडीसाठी माणूस हवाय असं सांगून भाऊजींना बोलावून घ्या. मी जा म्हटलं तर जायचे नाहीत.

आणखी एक – परवा पहाटे मी पाळी घ्यायला गेले. भाऊजी नेहमीपेक्षा जास्त ताठ बसले होते. डोळे लाल, मांडीवर संयोगिताचा कागद. मी न विचारताच म्हणाले, “समदं ठीक हाय.” पडद्यावर यादी होती. पण यांनी हिंग दोनदा घेतला होता, विसरून घ्यायचेच ते, आणि आता एकदाच होता. डोळा लागला असणार. यादी गेली असणार, आणि त्या म्हाताऱ्या माणसाने एका बोटाने सगळी परत घातली, कागदावरचा दुसरा हिंग संयोगिताची उतरवतानाची चूक समजून सोडून. हे मी संयोगितालाही सांगितलेलं नाही. तुम्हीही त्यांना कधी विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठले, त्यांना चहा दिला, म्हटलं, “भाऊजी, आता जरा पडा,” आणि खुर्चीत बसून बटण दाबलं.