खिडकीजवळचे टेबल

गौलीगुडा, हैदराबाद
४ जुलै १९९५

ती. इंदुताईस सुशीलेचा सा. न. वि. वि.

अखेर जपानी साहेब आमच्याकडे जेवून गेला! ह्यांची टीव्हीची कंपनी त्या लोकांनी घेतल्याचे तुला कळवले होतेच. साहेबाचे नाव कुरोदा. पाटावर मांडी घालून असा काही बसला की आपला संदेशच शेजारी पँट सावरीत कण्हत होता. बगारा बैंगन पुन्हा मागून घेतले, पुरणपोळीला मात्र घाबरला.

मग त्याने आपली कहाणी सांगितली. तो इंग्रजीत बोलायचा, संदेश आम्हाला मराठीत सांगायचा. लढाईनंतर रेडिओ दुरुस्त करणारा पोरगा, आज एवढ्या मोठ्या कंपनीचा डायरेक्टर! ज्या वरिष्ठाने त्याला हाताला धरून कंपनीत आणले, काम शिकवले, लग्नही जुळवले, त्यालाच पुढे याने बाजूला केले. तिकडे म्हणे माणसाला काढत नाहीत. खिडकीजवळ टेबल द्यायचे, काम आणि फोन काढून घ्यायचा आणि रोज सकाळी सगळ्यांदेखत त्याला वाकून नमस्कार करायचा. शेवटी त्यानेच राजीनामा दिला. त्यानंतर मरेपर्यंत तो म्हातारा दर नववर्षाला कुरोदाच्या दारी यायचा, कमरेत वाकायचा आणि न बोलता निघून जायचा. केवढा उपकार जाणणारा माणूस, नाही?

हे मात्र एकदम गप्प झाले. संदेश अगदी रंगून ऐकत होता. साहेबाचा आपल्या पोरावर फार जीव आहे.

तुझ्या गुडघ्यांना जप. लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझी,
सुशीला


नांदेड
१९ जुलै १९९५

चि. सौ. सुशीलास अनेक आशीर्वाद.

तुला पुरणपोळीचे पडले आहे, मला त्या म्हाताऱ्याचे. उपकार कसले ग जाणतेस त्यात? लहानपणापासून तू अशीच, कोणी दात दाखवले की तुला वाटते हसला. हिम्मतराव का गप्प झाले ते नाही ना विचारलेस? संदेशला कंपनीत चिकटवायला त्यांनीच जुन्या मालकांचे, शेटजींचे उंबरे झिजवले. आता त्यांच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला. हार घालून घेऊन मानाने घरी येऊ देत, एवढेच त्यांनी आयुष्यात मागितले आहे. पोरावर लक्ष ठेव.

रागावू नकोस. तुला बोलणारी मीच एक उरले.
तुझी,
इंदुताई


गौलीगुडा
११ फेब्रुवारी १९९६

ती. इंदुताईस सा. न.

तुझी जीभ काळी आहे ग. ह्यांचे टेस्टिंगचे काम काढून घेतले. खिडकीजवळ टेबल दिले आहे. टेबलावर काही नाही, फोन नाही, कोणी बोलत नाही. तरी रोज इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन वेळेवर निघतात. मेल्या त्या साहेबाला मी माझ्या हाताने वाढले!

एकच समाधान आहे. संदेश आता मॅनेजर होऊन कंपनीच्या बंगल्यात राहायला गेला, तरी रोज सकाळी सगळ्यांसमोर बापाला वाकून नमस्कार करतो. हे मला शेजारच्या एकनाथरावांकडून कळले, ते तिथेच कामाला आहेत. ह्यांना सांगितले तर ताट सारून उठले. तूच संदेशला लिही. साहेबाजवळ त्याने बापासाठी शब्द टाकावा.

माया असू दे.
सुशीला


हैदराबाद
३ मार्च १९९६

ती. मावशीस सा. न.

माझे मराठी लिहिणे कच्चे आहे, माफ करा. तुम्ही साहेबाला दोष देता, पण हा निर्णय माझा आहे. जुने लोक कमी करायचे होते. साहेबाने मला विचारले, कुणापासून सुरुवात करू? मी बाबांचे नाव सांगितले. स्वतःच्या बापाला बसवल्यावर बाकी कुणी तोंड उघडणार नाही, हे उघड आहे. साहेबसुद्धा म्हणाला, नीट विचार कर. मी म्हणालो, तुम्ही तरी कुठे केला?

बाबा हट्टाने बसले आहेत, त्यामुळे माझे हसे होते. ते तुमचे ऐकतात. राजीनामा द्या म्हणून त्यांना समजवा. आईला यातले काही सांगू नका.

आशीर्वाद राहू द्या.
तुमचा,
संदेश


गौलीगुडा
२३ ऑक्टोबर १९९६

ती. इंदुताईस सा. न.

ह्यांनी उन्हाळ्यात राजीनामा दिला तेव्हा ना हार, ना निरोप. संदेशचे पत्र तू मला दाखवलेस त्यानंतर मी त्याच्या बंगल्यावर पाय ठेवला नव्हता. पण दसऱ्याला हे स्वतःच म्हणाले, चल, सोने द्यायला जाऊ. मला वाटले, विसरले. मी देवापुढे साखर ठेवून निघाले.

बंगल्यात सगळी कंपनी जमली होती, कुरोदाही. संदेशला इतका आनंद झाला ग! तो ह्यांच्या पाया पडायला आला तर हे मागे सरले. त्याच्या हातावर आपट्याचे पान ठेवले आणि कमरेत वाकले. वाकलेलेच राहिले. बाप मुलापुढे वाकला तर मुलाचे आयुष्य घटते. मी ह्यांचा दंड धरून ओढला, तर ह्यांनी माझा हात हळूच सोडवला. मग संदेशला ‘साहेब’ अशी हाक मारून सांगितले की दर दसऱ्याला असाच येत जाईन.

ते काय बोलले, कुरोदाने विचारले. संदेशला इंग्रजी सुचेना. पण कुरोदाला न सांगताच कळले. चेहरा पांढरा पडला त्याचा. ताट तसेच टाकून निघून गेला. संदेश हातात पान घेऊन उभा होता, सात वर्षांचा असताना ताप आला की दिसायचा तसा.

रिक्षात मी ह्यांना म्हटले, पोटचा पोर आहे, एवढी शिक्षा नको. हे शांतपणे म्हणाले की परक्याला एवढी कोण देतो? घरी येऊन गाढ झोपले. वर्षभरात असे झोपले नव्हते.

पुढच्या दसऱ्याला तू ये. ह्यांना मी अडवू शकत नाही आणि पोराकडे बघवत नाही. तुझा लोभ तेवढा शाबूत ठेव, या घरातला संपला.
तुझी,
सुशीला