जड वाटेल ते पान

२ सप्टेंबर, सोमवार

पोचले एकदाची. दोन बॅगा, एक गादी आणि गाडीत अवघडलेलं अंग घेऊन. खोली पहिल्या मजल्यावर आहे, खिडकी पूर्वेला, भिंती नुकत्याच रंगवलेल्या. न्हाणीघराचं दार जरा उचलून लावावं लागतं, बाकी नाव ठेवायला जागा नाही. वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई एकट्याच राहतात. साठीच्या असतील, पण जिना असा चढतात की मला अडतिसाव्या वर्षी लाज वाटावी. माझा डावा गुडघा प्रत्येक पायरीला कुरकुरतो.

मुंगीला ताईकडे ठेवून आलेय. मुंगी म्हणजे माझी लेक, आठ वर्षांची. साखरेचा डबा कुठेही लपवा, हिला सापडतोच, म्हणून हे नाव. तिची परीक्षा संपली की महिनाअखेरीला ताई तिला इथे आणून सोडणार. मी निघताना तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. चपलेचा पट्टा लावत बसली होती, न संपणारा.

४ सप्टेंबर, बुधवार

काम जमेल. दातांच्या कवळ्या बनवायच्या. मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायचा, उंची जुळवायची, कडा घासायच्या. दिवसभर बत्तीस जण आपल्याकडे बघून हसतात आणि एकालाही तोंड नसतं. मुकादमांनी माझी पहिली कवळी उजेडात धरून पाहिली आणि काही न बोलता पुढच्या टेबलावर सरकवली. शेजारची म्हणाली, ह्याला इथे कौतुक म्हणतात.

संध्याकाळी बाईंनी चहाला बोलावलं. झोप लागते का, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं. मुंगीचे बाबा गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून सलग झोप नाही. बाई सकाळी सहाला ध्यानाचा वर्ग घेतात. वीस मिनिटं बसायचं, मग मनात जे आलं ते वहीत लिहायचं. दर शुक्रवारी त्यातलं सगळ्यात जड वाटेल ते पान फाडून बाईंकडे द्यायचं. त्या सांभाळतात. मी म्हटलं, रोजनिशी लिहितेच, त्यातच हेही लिहीन.

६ सप्टेंबर, शुक्रवार

वर्गात आठ जण. सतरंज्या स्वच्छ, खोलीत धुतलेल्या कपड्यांचा वास. माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर बसतात. सात वाजता त्यांची बायको न्यायला आली, तर तिला हात जोडून म्हणाले, तुम्ही रोज एवढी तसदी घेता, फार उपकार आहेत. मी हसले. लग्नाला चाळीस वर्षं झाली की नवऱ्यांना असे विनोद सुचत असतील. ती बाई मात्र हसली नाही.

वीस मिनिटांत माझ्या मनात एकच गोष्ट आली, गुडघा. तेच पान फाडून दिलं. फारच किरकोळ वाटलं, पण बाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

९ सप्टेंबर, सोमवार

गुडघा दुखत नाहीये. जिना चढून कुलूप काढलं तेव्हा लक्षात आलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आजचं पान मोठं होतं. दवाखान्यातला तो लांब बोळ, ढकलगाडीच्या एका चाकाचा आवाज, बोलायच्या आधी चष्मा पुसत राहिलेले डॉक्टर. दोन वर्षांत कुणापाशी बोलले नव्हते. बाईंनी पान कपाटात ठेवलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

१७ सप्टेंबर, मंगळवार

चार दिवस गजर होईपर्यंत झोपतेय. सकाळी मुंगीच्या बाबांचा फोटो पाहिला. चांगला चेहरा होता माणसाचा. पोटात काही तुटलं नाही. इतकं हलकं वाटलं, की आपण आपल्याच घरात पाहुणे आहोत असं झालं.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक घडली. बाई कठडा धरून, डावा पाय ओढत जिना उतरत होत्या. विचारलं, तर म्हणाल्या वय झालं. दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता त्या हुंदके देऊन रडत होत्या. मी जवळ गेले.

म्हणाल्या, ‘तो बोळ आठवला गं. ते चाक किती वाजत होतं.’

बाईंचं लग्नच झालेलं नाही. माझं पान वाचून त्यांना भरून आलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

२० सप्टेंबर, शुक्रवार

वीस मिनिटं नुसती मुंगी. झोपेत माझ्या पोटावर पाय टाकायची सवय, पुढचे दोन पडलेले दात, शाळेच्या फाटकातून मारलेली हाक. ताईकडे नीट जेवत असेल का, मला विसरेल का, सगळं लिहिलं. पान दोन्ही बाजूंनी भरलं. फाडायला हात होईना. बाई म्हणाल्या, काळजी तेवढी जाईल, मुलगी कुठे जातेय?

दिलं.

२२ सप्टेंबर, रविवार

खोली झाडली, पडदे धुतले. मन अगदी शांत आहे.

काल टपालाने एक पाकीट आलं होतं. आत लहान मुलाने काढलेलं चित्र, एक बाई आणि तिचा हात धरलेली मुलगी. पत्ता माझाच होता, पण काहीतरी चूक असणार. खाली टपालाच्या पेटीवर ठेवून दिलं. बाईंनी ते उचलून छातीशी धरलं. माणसं किती लहानसहान गोष्टींनी हरखून जातात.

२४ सप्टेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत ताईचा फोन आला. रविवारी येतोय म्हणाली, मुंगीने आत्तापासूनच बॅग भरून ठेवलीय. मी विचारलं, कोण मुंगी?

ताई आधी हसली. मग रडायलाच लागली, तुला बरं नाही का, कुणी जवळ आहे का, असं विचारत राहिली.

घरी आले आणि ही वही पहिल्यापासून वाचली. अक्षर माझं. माझी लेक, आठ वर्षांची. चपलेचा पट्टा. पुन्हा वाचलं. डोळे मिटून तो चेहरा आठवायचा प्रयत्न केला. तिथे काहीच नाही. दुखतसुद्धा नाही. आपल्याला दुखत नाहीये, यानेच धाबं दणाणलंय.

२५ सप्टेंबर, बुधवार

वर गेले. पानं मागितली. बाईंनी निमूटपणे कपाट उघडून तिन्ही दिली. उभ्या उभ्या मोठ्याने वाचली. कुणा परक्या बाईच्या मुलीची हकिकत वाचावी तशी. बाई डोळे मिटून ऐकत होत्या आणि मी लिहिलं नव्हतं ते सांगत होत्या. तीन वर्षांची असताना तिने नाकात मटार घातला होता. तापात ती उलट्या बाजूने आकडे मोजते.

मी पाय धरले. म्हटलं, हे सगळं मला परत द्या.

‘कागद दिले ना,’ त्या म्हणाल्या. ‘बाकीचं कसं देऊ? इतकी वर्षं माझं कुणीच नव्हतं.’

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं ते पाणी. मला कुणाची चीड यावी, तीही येईना.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

बसायचं नाही असं ठरवलं होतं. दाराला आतून कडी, कडीला खुर्ची.

सातला भानावर आले तर वरच्या सतरंजीवर, मांडी घातलेली. वहीतलं एक पान नाही. काय लिहिलं होतं, माहीत नाही —

ताईला फोन लावला. येऊ नकोस म्हणणार होते. तिने विचारलं, आपण कोण बोलताय? मी म्हटलं, तुझी धाकटी बहीण. ती म्हणाली, माझी बहीण दुसऱ्या मजल्यावर राहते, आत्ताच तिच्याशी बोलले. कृपा करून पुन्हा फोन करू नका. मागून एक बारीक आवाज आला. आईचा आहे का, मला दे —

फोन बंद.

२८ सप्टेंबर, शनिवार

ताईच्या गावी जायचं म्हणून बॅग भरली. गाव कोणतं? वहीत नाही. कुठेच नाही —

पोस्टमास्तरांची बायको जिन्यात भेटली. विचारलं, तुमच्याकडे काही परत आलं का. ती म्हणाली, वर्षभर रोज आणतेय त्यांना, पानं सगळी घरी आहेत, उशाशी ठेवलीत. मग म्हणाली, बाईंनी माझ्या वाढदिवशी मला साडी दिली. माझा आवडता रंग. तो फक्त ह्यांना ठाऊक होता.

आज वही पोटाशी बांधून ठेवलीय.

२९ सप्टेंबर, रविवार

दहा वाजता रिक्षा थांबली. मी खिडकीत. एक बाई उतरली, एक मुलगी उतरली. मी धावत जिन्यात आले —

मुलगी माझ्या बाजूने पळत वर गेली. फ्रॉक माझ्या हाताला घासला. वर दार उघडलं, आणि आई, अशी हाक —

त्या बाईने जाता जाता मला नमस्कार केला. भाडेकरू का, विचारलं.

पायरीवर बसून लिहितेय. वरून हसण्याचे आवाज येतायत. लिहिलं तर राहील. नाही लिहिलं तर — मी कवळ्या बनवते. मी अडतीस वर्षांची आहे. मला एक —

बाई दारात आल्या. खूप जड झालीय ना वही, म्हणाल्या. हात पुढे केलाय. नाही देणार. नाही —

मुलगी खाली आली. माझ्या शेजारी बसली. पुढचे दोन दात नाहीत. वहीत डोकावून विचारतेय, तुम्ही रडताय का? तुम्ही कोण?

थांब, म्हटलं. इथेच लिहिलंय कुठेतरी. जाऊ नकोस, पानं उलटतेय. एक शब्द आहे. आत्ता सापडेल. मी तुझी