बावीस युकुलेले आणि एक कानस

मंगळवार, १६ एप्रिल. दुपारी १ वाजून ४० मिनिटं.

वेळ लिहून ठेवते, कारण पुढे कुणीतरी म्हणेल की म्हातारीचा गैरसमज झाला. संगीताच्या खोलीतलं कपाट उघडलं. आत बावीस युकुलेले – बाविसांच्याही तारा फिरवलेल्या.

युकुलेले म्हणजे चार तारांचं चिमुकलं वाद्य; त्याची वरची तार बारीक असते आणि जाड तार तिच्या खाली. हिलोतच काय, सगळ्या हवाईत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जानेवारीत अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून आलेल्या गिटारवाल्या मास्तरांना, व्हिटलॉकना, ती चूक वाटली. त्यांनी गिटारसारखी जाड तार वर नेली. त्यासाठी सबंध शनिवार-रविवार शाळेत बसले, तेही फुकट. वर मला विचारतात, "आंटी, इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही?"

एकतीस वर्षं मी पोस्टाच्या खिडकीत बसले, आता इथे दुसरीच्या मुलांना युकुलेले शिकवते. मूर्ख पुष्कळ पाहिले. मेहनती मूर्ख थोडे.

बुधवार, १७ एप्रिल

तारा परत लावायला बसले. जमेना. जाड तार मावावी म्हणून त्यांनी मानेच्या टोकाला तार बसते ती खाच कानशीने घासून रुंद केली आहे. आता बारीक तार तिथे खोल रुतते आणि नुसती झिणझिणते. बावीस वेळा घासलं, एकदाही शंका आली नाही! नवे भाग होनोलुलूहून यायला तीन आठवडे. लेई डे, आमचा एक मेचा फुलमाळांचा सण, दोन आठवड्यांवर. त्या दिवशी दुसरीचा वर्ग गावासमोर पहिल्यांदा वाजवतो. याही वर्षी वाजवणार होता.

शुक्रवार, १९ एप्रिल

त्याच वाद्यांवर वर्ग घेतला. एका बोटाची पकड, म्हणजे कॉर्ड, कशीबशी वाजली. दोन बोटांची लावली आणि खोलीभर कल्लोळ.

"आंटी, माझी बोटं बरोबर आहेत, पण आवाज वेडा येतोय," कौलाना म्हणाली.

शेजारचा मायका म्हणाला, "नीट दाब की."

"दाबलंय. तुझा तरी कुठे धड येतोय? ऐक, बहिऱ्या."

ही दोन बोटांची पकड कौलानाला सप्टेंबरपासून येत नव्हती. मार्चमध्ये आली, तेव्हा ती वर्गभर नाचली होती. मी सांगितलं, दोष वाद्याचा आहे. तिने मान हलवली. विश्वास बसलेला नव्हता. मोठी माणसं असं समजुतीखातर बोलतात हे सात वर्षांच्या मुलीला कळतं.

सोमवार, २२ एप्रिल

मुख्याध्यापिका नाकाशिमाबाईंकडे गेले. माझ्यापुढे चहा ठेवला. चहा आला की नकार येणार; त्या पहिलीत होत्या तेव्हापासून मी त्यांना ओळखते.

"आंटी फिलो, त्यांचा हेतू चांगला होता हो."

"हेतू वाजवून दाखवा."

तोडगा काढलाय म्हणाल्या. ध्वनिमुद्रण लावायचं. मुलांनी युकुलेले धरून नुसते हात हलवायचे. "पालकांना कळणारसुद्धा नाही."

"मुलांना कळेल."

"मुलं लहान आहेत."

कॉन्व्हेंटात प्रार्थनेच्या वेळी कुणी नुसते ओठ हलवले की सिस्टर कॉन्स्टन्स फूटपट्टी घेऊन यायच्या. मला दोनदा बसली आहे. योग्यच बसली.

गुरुवार, २५ एप्रिल

सराव झाला. हात कधी हलवायचा, कधी थांबायचं, तारेला बोट लागू द्यायचं नाही – सगळं मीच शिकवलं. मायकाला मजा वाटली. कौलाना युकुलेले पोटाशी धरून उभी राहिली, हात हलवला नाही. मी तिला रागावले.

तिला का रागावले?

शनिवार, २७ एप्रिल

पाऊस. दिवसभर घराचं दार उघडलं नाही.

सोमवार, २९ एप्रिल

व्हिटलॉक पार्किंगमध्ये भेटले. "आंटी, मला खरंच माहीत नव्हतं." डोळे लाल होते. मी म्हटलं, विचारायचं होतं. माझ्याकडे दया नव्हती. पुढच्या वर्षी मी हा वर्ग घेणार नाही. घेण्यासारखं उरलंच काय?

मंगळवार, ३० एप्रिल

एकोणीस मुलं घरचे युकुलेले घेऊन आली. आजोबांचे, मामांचे, भिंतीवरून काढलेले. एकाला तारेऐवजी मासेमारीच्या गळाचा नायलॉनचा दोरा. कौलानाने रविवारी चर्चबाहेर एकेकाला गाठून सांगितलं होतं. एकोणीसही सुरात लावले. बोटं सुजली आहेत. उरलेल्या तिघांना माझ्या घरचे दिले. दोन बोटांची पकड बाविसांनी मिळून वाजवली, आणि ती तीच पकड होती, मार्चमध्ये कौलानाला आलेली.

नाकाशिमाबाई दारातूनच म्हणाल्या, घरची वाद्यं मंचावर चालणार नाहीत, विम्याचा नियम आहे.

त्यांच्या हातात चिठ्ठी दिली, त्यात तीन गोष्टी मागितल्या. नियमाचा क्रमांक, त्याखाली कुणाची सही, आणि नकार असेल तर मुलांसमोर तो वाचून कोण दाखवणार त्याचं नाव. उत्तर लेखी हवं. उद्या सकाळी आठच्या आत. साडेआठला आम्ही तेवीस जण मंचावर चढतो आहोत.