फुलाच्या आतला रंग

माय, आज तुझ्या रंगाच्या वाट्या घासायला काढल्या. एका वाटीच्या काठाला गुलाबी असा धरून बसलाय की राखेनंही निघेना. घासता घासता हात थांबला आणि लिहायला बसलो. बैल गेला अन् झोपा केला, अशातली गत. तू जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुझ्याहून म्हातारा आहे. शाळेत मी टिकलो नाही हे तुला ठाऊकच. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षरं लावायला शिकलो, तेव्हा चुकलंमाकलं पदरात घे.

फोटोच्या दुकानाची पाटी आबांच्या नावाची, पण गिऱ्हाईक परत यायचं ते तुझ्या हातासाठी. आबा काळापांढरा फोटो तुझ्या पुढ्यात टाकायचे आणि तू भाकरी उरकून दारातल्या उजेडात रंगवायला बसायचीस. नवरीच्या लुगड्याचा काठ, म्हाताऱ्याची पगडी, सगळं तोंडी विचारून घ्यायचीस आणि एकदा ऐकलेला रंग विसरायची नाहीस. अजून दिसतेस तू मला. ब्रशचं टोक ओठांत ओलं करतेस, श्वास धरतेस, आणि कागदावरच्या कुणाच्या तरी गालाला लाली येते. माणसांचं ठीक होतं, ती येऊन रंग सांगायची. फुलं कुठून सांगणार?

आबांना रानफुलांचं वेड. शिवरात्र झाली की शहाद्याहून आपली बैलगाडी निघायची. सातपुड्याच्या पायथ्याला गाडी सोडून पुढं धडगावच्या वाटेनं कॅमेरा खांद्यावर घेऊन चढायचं. तिथं जुन्या झाडांच्या फांद्यांवर, एकही पान नसलेल्या काड्यांना, नखाएवढी पांढरी फुलं येतात. बोट लागलं तरी डागाळतात. वारं उठायच्या आत फोटो घ्यावा लागे. मी घोंगडी आडवी धरायचो, आबा कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात शिरायचे, आणि फूल हललं की शिव्या मला.

निघताना तू गाडीशी येऊन म्हणायचीस, “चालनात का मन्ही सवतले भेटाले?” आबा मिशीत हसायचे. परत आलो की फोटो उजेडाकडे धरून विचारायचीस, “आतमा काय रंग शे यान्हा?” आम्ही एकमेकांकडे बघायचो. फूल हललं की नाही, एवढंच पाहिलेलं! आबा ठोकून द्यायचे, “पिवळा.”

“मागला साल गुलाबी सांगेल व्हता.”

“मंग गुलाबी कर.”

“दोन-दोन डोळा लई जातस बाप-बेटा, अन् रंग मी सांगू? माले ली चाला एकदाव. मीच देखी लिसू.”

एका साली आबा हो म्हणाले. उजाडायच्या आत तू भाकरी बांधल्यास, धुवट लुगडं नेसलीस आणि रंगांची पेटीही उचललीस, तिथंच झाडाखाली बसून रंगवीन म्हणून. गाडीत फोटो उमटवायच्या काचांचं खोकं, तिपाई, पाण्याचे हंडे, आणि गवतावर ऐसपैस मी. आबांनी एकदा सगळं पाहिलं आणि म्हणाले, “जागा नई. दाटीमा काचा फुटतीन.” तू माझ्याकडे बघितलंस. मला पायी येता आलं असतं, माय. वीस वर्षांचा बाप्या मी, रानात माकडासारखा हिंडणारा. मी उतरलो नाही. उलट मनात म्हटलं, बरंच झालं. तू असलीस तर दर कोसाला थांबावं लागेल, पोचेपर्यंत वारं सुटेल. तू भाकरीची पुरचुंडी माझ्या मांडीवर ठेवलीस. “जाय, काचा संभाळजो. फूल काय, पुढला साल बी येई.”

पुढच्या साली तू नव्हतीस. पावसाळ्यातल्या तापानं तुला नेलं. त्या खेपेला मात्र मी फुलात नीट डोकावलो. आत पिवळा नव्हता, गुलाबीही नव्हता. हरभऱ्याच्या कोवळ्या दाण्यासारखी फिकट हिरवी झाक होती. मी आबांना सांगितलं. ते काळ्या कापडातून बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आता दुकान मी चालवतो आणि रंगवण्याचं काम सूनबाईकडे आहे. तुझ्यासारखा हात नाही तिचा, पण जीव लावून करते. लढाईमुळं काचा मिळेनात. उरल्यासुरल्या घेऊन उद्या मी आणि मुलगा रानात निघालोय. पुढं कधी जमेल, देव जाणे. काल ती वाट्या मागायला आली तेव्हा दाराआडून म्हणाली, “ते फूल आतून कसं दिखस?” मी हिरवं म्हणून सांगितलं. तिनं हूं केलं, पण पाय हलेना तिचा. “सकायले गाडी भरेल राही का?”

मी म्हटलं, बघू.

बघायचं काय त्यात? खोकं अर्धं रिकामं आहे, नवरा सोबत आहे, आळी बोलली तर बोलो. पुढच्याला ठेच मागचा शहाणा म्हणतात, आणि इथं ठेच लागलेलाच वेडा राहिला. दिवस मावळत आला. ती आत उद्याच्या भाकरीचं पीठ चाळतेय, मधूनच थांबून बाहेर कानोसा घेतेय. मी इथं बसून तुला लिहितोय, आणि हा कागद कुठं जायचा नाही हे मला ठाऊक आहे. तिला हाक मारावी म्हणून दोनदा उठलो नि बसलो. काय सांगू तुला, ती आली तर पोचायला उशीर होईल, हेच अजूनही माझ्या मनात आधी येतं.