वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेतली ताई

प्रिय ताईस,

वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे अर्धाच पोहोचला असेल, गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? माझी तब्येत उत्तम, म्हणजे तक्रार ऐकायला घरात कुणी नसल्यामुळे उत्तमच म्हणायची.

तुला ठाऊकच आहे, मी यंत्रांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका लिहितो. वीस वर्षं लिहितोय आणि त्या कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही (मीसुद्धा घरचा पंखा अंदाजानेच जोडला). आमच्या विभागात सगळ्यांची भाषा एकच: 'झाकण बंद करण्यात यावे', 'खिसे तपासण्यात यावेत'. कोण कुणाला सांगतंय, काही पत्ता लागत नाही. दोन महिन्यांपूर्वी वॉशिंग मशीनची पुस्तिका लिहिताना मी त्या खिशांपाशी अडलो आणि मला तू आठवलीस. मग काय, हात थांबेचना. 'खिसे बघितलेस का? नाहीच बघितलेस. काढ तो रुमाल. आता पावडर. अरे, एवढी? लग्नाचा मांडव धुवायचाय का?' बत्तीस पानं तू बोलत होतीस आणि मी लिहीत होतो. इतक्या दिवसांनी तुझा आवाज ऐकून फार बरं वाटलं, ताई.

तेच लिखाण मी कुणालाही न दाखवता छपाईला धाडलं. छापील प्रत पाहून साहेबांनी कपाळाला हात लावला आणि मला सुट्या भागांच्या यादीवर बसवलं (स्क्रू लहान, स्क्रू मोठा; प्रतिभेला वाव बेताचा). पण मग ग्राहकांची पत्रं येऊ लागली. एका आजोबांनी लिहिलं, बायको गेल्यापासून खिसे बघितलेस का असं मला कुणी विचारलं नव्हतं, आता पुस्तिका उशाशीच ठेवतो. साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला परत द्यायचं विसरले. मग म्हणाले, "इस्त्रीचीही असलीच आगाऊ पुस्तिका द्या. पंधरा दिवसांत."

इथेच घोडं अडलंय. लेकाकडे राहायला गेल्यापासून तू माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तशी बोलतेस. मागे मी दोन दिवस जेवलो नाही असं फोनवर मुद्दाम खोटं सांगितलं, तर 'बरं, सांभाळून राहा' म्हणालीस. पूर्वी फोनमधून हात घालून माझा कान पिळला असतास. सुनेसमोर आवाज चढवायचा नाही असं ठरवलं असशील, कळतं मला. पण तुझ्या ओरडण्याची फार आठवण येते. आता इस्त्रीसाठी मी नवीन बोलणी आणू कुठून?

तेव्हा आठवडाभर इथे ये. मी शर्ट उलटा धरतो, तू तोंडाला येईल ते बोल, मी लिहून घेतो. ऑफिसचं तातडीचं काम आहे, असं सूनबाईंना सांग.

तुझाच,
धाकटा

ता. क. : आतल्या खोलीतल्या पलंगावरची माझी रद्दी हलवली आहे.

आणखी ता. क. : इस्त्रीची पुस्तिका साहेबांनी परवाच मंजूर केली. जुनंच आठवून आठवून लिहिली, जमली. माझं काहीही अडलेलं नाही. तरी ये.